मोटारीचा बंपर : ठोकण्यापासून सांधण्यापर्यंत

बंपर पोलादी होता तोवर त्याची दुरुस्ती म्हणजे हातोडीने पोचा काढणे व पुन्हा क्रोमचा मुलामा देणे. पोलाद वाकते, प्लॅस्टिकला तडा जातो. या भेदाने दुरुस्तीची कल्पनाच पालटली.

१९७२ साली आलेल्या ‘रेनॉ ५’ या फ्रेंच मोटारीचे बंपर काचतंतुयुक्त पॉलिएस्टरचे होते. १९७८ च्या ‘फियाट रित्मो’ या इटालियन मोटारीचे पॉलिप्रॉपिलीनचे. दोन्ही प्लॅस्टिकेच, परंतु दुरुस्तीच्या दृष्टीने त्यांचे धर्म परस्परविरुद्ध होत. असले पॉलिएस्टर एकदा घट्ट झाले की उष्णतेने वितळत नाही. तेथे तडा खरवडून मागून काचतंतूंचे कापड राळेने बसवावे लागते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते, मात्र त्यावर साधा गोंद धरत नाही. म्हणून तड्याच्या टोकाशी छिद्र पाडून त्याची वाढ रोखावयाची, कडा तिरप्या तासावयाच्या आणि तप्त हवेच्या झोतात कांडी वितळवून खाच भरावयाची.

धातूला डाख देताना सांध्यात परका धातू येतो. येथे कांडी सजातीय नसेल तर सांधा टिकत नाही. त्यामुळे बंपरच्या आतील बाजूस उमटवलेली पदार्थखूण वाचणे ही कारागिराची पहिली पायरी ठरली. ती न वाचता केलेली दुरुस्ती तडा केवळ रंगाखाली झाकते. तात्पर्य, हातोडीच्या कसबाइतकीच पदार्थाची ओळखही या व्यवसायात निर्णायक झाली.