सगळे सारखेच दिसतात?

वाचकहो, इस्राएलात आल्यावर पहिल्या वर्षांत आपल्यापैकी पुष्कळांना एक अनुभव आला. कारखान्यात मुकादम एकाला दुसऱ्याच्याच नावाने हाक मारी. दोघांत रंगाचे साम्य नसे, उंचीचेही नसे. चूक दाखविली की तो हसून म्हणे, ‘तुम्ही होदी सगळे सारखेच दिसता.’ आपल्याला राग येई. पण घरी आल्यावर आपणही म्हणत होतो, ‘पोलंडवाला कोणता नि रुमानियावाला कोणता, काही कळत नाही बाई!’

कोकणात आपल्याला कोणी चेहऱ्यावरून वेगळे काढीत नसे. शनिवारी घाणा बंद, म्हणून आपण ‘शनवार तेली’. डेव्हिड रहाबींनीसुद्धा आपल्याला तोंडावळ्यावरून ओळखले नाही. परंपरा सांगते की त्यांनी निरनिराळे मासे रांधावयास दिले आणि आपल्या बायकांनी खवले-पर नसलेले मासे बाजूला काढले. ओळख पटली ती आचारावरून.

मग परक्यांचे चेहरे सारखे का वाटतात? अमेरिकेत गुस्ताव फाइनगोल्ड यांनी १९१४ मध्येच लिहिले होते की ज्या लोकांत आपला वावर नाही ते आपल्याला एकसारखे दिसतात, आणि त्यांनाही आपण तसेच दिसतो. १९६९ मध्ये मॅलपास आणि क्रॅविट्झ यांनी काळ्या व गोऱ्या विद्यार्थ्यांना छायाचित्रे दाखवून हा प्रश्न कसोटीला लावला. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांत हेच दिसले की आपल्या वंशाचा चेहरा अधिक बिनचूक ओळखला जातो.

पण ही खोड रक्तातली नव्हे. तीन ते नऊ वर्षांच्या वयात युरोपीय कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या कोरियन मुलांची मोठेपणी परीक्षा घेतली गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांना कोरियन चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरेच अधिक चांगले ओळखता आले. ज्यांच्यात वाढावे, त्यांचे चेहरे डोळ्यांत बसतात.

१९८४ च्या अखेरीस इथियोपियाचे बांधव मोठ्या संख्येने आले. तेव्हा आपल्यातल्याच काहींच्या तोंडून मुकादमाचे ते जुने वाक्य निघाले. शाळेतून आलेली नातवंडे मात्र वर्गातल्या त्या मुलांची नावे एकेक करून सांगत होती. त्यांची कधी गल्लत झाली नाही.

१९६४ मध्ये कनेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी आहोत असे जाहीर करीपर्यंत आपल्याला रस्त्यावर उतरावे लागले होते. इतरांनी आपल्याला नीट पाहावे म्हणून आपण इतके झगडलो. मग शेजारच्या नव्या माणसाचे नाव विचारून ते लक्षात ठेवणे आपल्याला जड का जावे?