चांदीचा मुलामा आणि ऱ्होडियम : एक ऐतिहासिक आढावा

तांब्या-पितळेच्या भांड्यास कल्हई लावल्याशिवाय त्यात आंबट पदार्थ शिजवू नये, हे आपल्या माताभगिनींस कोणी शिकवावे लागले नाही. भाता मारून भट्टी फुलवावयाची, भांडे तापवून नवसागर टाकावयाचा आणि कथिलाचा हात फिरवावयाचा, असे काम करणारा कल्हईवाला पूर्वी गावोगाव हिंडत असे. एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर बसविणे, हीच मुलाम्याची मूळ कल्पना होय. हीच कल्पना चांदीच्या मुलाम्यापर्यंत व तेथून ऱ्होडियम नावाच्या दुर्मिळ धातूपर्यंत कशी पोहोचली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

विजेचा उपयोग ठाऊक नव्हता तेव्हा सोन्याचा मुलामा पाऱ्याच्या साहाय्याने देत. सोने पाऱ्यात कालवून तो लगदा वस्तूस चोपडावयाचा व वस्तू तापवावयाची. पारा उडून जाई व सोने मागे राही. काम टिकाऊ होई, परंतु पाऱ्याची वाफ कारागिराच्या जिवावर उठे. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील सेंट आयझॅक चर्चच्या घुमटास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच रीतीने मुलामा दिला गेला. त्या कामी सुमारे ६० कारागीर दगावले, असे सांगतात. घुमटाकडे पाहणारास सोने दिसते; ती माणसे दिसत नाहीत.

चांदीसाठी इंग्लंडात निराळी युक्ती निघाली. शेफील्ड येथील चाकू-सुऱ्या करणारा कारागीर थॉमस बोल्सोव्हर यास इ. स. १७४३ च्या सुमारास असे आढळले की, तांबे व चांदी एकत्र तापविली असता दोन्ही घट्ट जुळतात व पुढे लाटून पत्रा केला तरी सुटत नाहीत. या पत्र्याच्या भांड्यांमुळे मध्यम स्थितीतील कुटुंबांसही चांदीची शोभा परवडू लागली.

पुढे इ. स. १८०० मध्ये इटलीतील व्होल्टा याने विद्युत्घटाचा शोध जाहीर केला. त्याचाच सहकारी ब्रुन्यातेल्ली याने १८०५ मध्ये विजेच्या योगे चांदीच्या पदकांवर सोने चढवून दाखविले. परंतु हा प्रयोग कित्येक वर्षे व्यवहारात आला नाही. खरी अडचण द्रावणाची होती. चांदी घट्ट व एकसारखी बसेल असे द्रावण मिळत नव्हते. ते बर्मिंगहॅम येथील जॉन राइट या शल्यवैद्यास सापडले. चांदीचा क्षार सायनाइडच्या द्रावणात विरघळवून त्यातून वीज सोडली असता उत्तम थर बसतो, हे त्याने ओळखले. एल्किंग्टन घराण्यातील चुलतभावांनी ती रीत त्याच्याकडून घेऊन १८४० मध्ये तिचे पेटंट मिळविले. त्यानंतर शेफील्डचा जुना धंदा थोड्याच वर्षांत बसला. पाऱ्याची वाफ गेली, पण तिच्या जागी सायनाइडचे विष आले. या द्रावणात आम्ल पडले तर प्राणघातक वायू सुटतो. म्हणूनच असे पाणी प्रक्रिया केल्यावाचून ओढ्या-नाल्यात सोडणे हा मोठा अपराध समजला पाहिजे.

या कामाची रीत थोडक्यात अशी : मुलामा द्यावयाची वस्तू विजेच्या ऋण टोकास व शुद्ध चांदीचा पत्रा धन टोकास जोडून दोन्ही द्रावणात टांगतात. पत्र्याची चांदी झिजते व वस्तूवर चढते. मात्र प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. तांबे-पितळ द्रावणात जाताच वीज लागण्यापूर्वीच चांदी ओढून घेते, पण तो थर भुसभुशीत होऊन पुढे सुटतो. म्हणून आधी कमी चांदीच्या द्रावणात पहिला हलका थर देतात. लोखंडावर आधी निकेल अथवा तांबे बसवावे लागते. जस्तावर व शिशा-कथिलाच्या ओतीव वस्तूंवर आधी तांबे देतात. ॲल्युमिनियमवर हवेने क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा येतो. तो काढून, जस्ताचा सूक्ष्म थर देऊन मगच पुढचे काम होते. येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे ‘जर्मन’ची भांडी म्हणजे ॲल्युमिनियमची. ‘जर्मन सिल्व्हर’ हा मात्र तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी केवळ नावात असते. मुलाम्यासाठी मात्र तो चांगला समजला जातो.

एवढे करूनही चांदी काळी पडतेच. हवेतील गंधकयुक्त वायूचा चांदीशी संयोग होऊन काळा थर येतो. हा चांदीचा गुणधर्म आहे, खोटेपणाची खूण नव्हे. या काळेपणावर उपाय म्हणून ऱ्होडियमचा उपयोग होऊ लागला.

ऱ्होडियमचा शोध लंडनच्या विल्यम हाइड वॉलस्टन याने लावला. वैद्यकीचा व्यवसाय सोडून तो रसायनाच्या मागे लागला होता. दक्षिण अमेरिकेतून आलेली प्लॅटिनमची माती अम्लराजात विरघळवून, प्लॅटिनम वेगळे काढल्यावर उरलेल्या द्रावणातून त्यास गुलाबी रंगाचा क्षार मिळाला. ग्रीक भाषेत गुलाबास ‘ऱ्होडॉन’ म्हणतात. त्यावरून १८०४ मध्ये हे नाव पडले. धातू स्वतः मात्र रुपेरी पांढरा आहे. तो कठीण असून सुमारे १९६० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि नेहमीच्या हवेत काळा पडत नाही. शोधानंतर सव्वाशे वर्षांनी, १९३० नंतरच्या दशकात, दागिन्यांवर व प्रकाशझोताच्या आरशांवर त्याचा मुलामा प्रचारात आला.

ऱ्होडियमच्या द्रावणात गंधकाम्ल असते. जस्त किंवा लोखंड उघडे राहिल्यास ते आम्ल त्यास खाते व द्रावणही नासते. यास्तव खाली निकेल व चांदीचे थर निर्दोष असावे लागतात. चांदीप्रमाणे येथे धातूचा पत्रा झिजत नाही. द्रावणातील ऱ्होडियम कमी होईल तसे त्याचा क्षार घालून भरून काढावे लागते. थर जाड केला तर ताण येऊन तडे जातात, म्हणून तो मायक्रॉनच्या अंशाएवढाच ठेवतात. त्याची चमक चांदीपेक्षा किंचित सावळी असते. खालच्या थरात खळगा असला तर वरच्या ऱ्होडियमने तो झाकत नाही, उलट उठून दिसतो.

आता हिशेबाची बाब. एक चौरस फूट पृष्ठभागावर १० मायक्रॉन जाडीचा चांदीचा थर देण्यास सुमारे १० ग्रॅम चांदी पुरते. त्यावर ०.२ मायक्रॉन ऱ्होडियम द्यावयास पाव ग्रॅमही लागत नाही. माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे थर किती पातळ ते ध्यानी येईल. अर्थात, दोन किलो भरलेले मुलाम्याचे तबक म्हणजे दोन किलो चांदी नव्हे. अशी वस्तू देताना, घेताना वा नोंदवहीत लिहिताना आतील धातू कोणता व मुलामा कशाचा, हे दोन्ही स्पष्ट नमूद करावे. मुलाम्याची वस्तू देण्यात कमीपणा नाही. ती भरीव चांदीची म्हणून सांगण्यात आहे. तसेच राख, रांगोळी यांनी ती कधीही घासू नये. मऊ ओल्या कापडाने पुसून कोरडी करावी. घासण्याने काळेपणा जातो, तशी चांदीही जाते.

पाऱ्याच्या भट्टीपासून ऱ्होडियमच्या टाकीपर्यंत शंभराहून अधिक वर्षांची वाटचाल झाली, पण एक गोष्ट बदलली नाही. वस्तू धुऊन स्वच्छ करणे, आतील तांब्या-निकेलचे थर नीट बसविणे, हे काम पुढे कोणाच्या नजरेस पडत नाही. आणि वरची चमक टिकते ती त्याच कामावर. ते करणाऱ्या हातांची आठवण ठेवणे व त्यांच्या जिवास अपाय होऊ न देणे, हे चमक पाहणाऱ्या सर्वांचे कर्तव्य होय.