डावा हात कुठे ठेवायचा?

मंडळी, गेला विकांत एका अगदीच भलत्या विषयात गेला. तर झालं असं की उजवं मनगट दुखायला लागलं म्हणून मी उभा माऊस शोधत होतो. हाताला बरं काय आणि वाईट काय, हे वाचता वाचता कधी रायफलच्या पुढच्या मुठीवर येऊन पोचलो ते कळलंच नाही. एरवी मी टॅब बंद केला असता. पण एनसीसीतली एक गोष्ट आठवली आणि रात्रीचे दोन वाजले.

ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी इतिहास.

रायफल धरताना उजव्या हाताला फारसे प्रश्न नसतात, त्याची जागा ट्रिगरने ठरवलेली असते. गोंधळ असतो तो डाव्या हाताचा. वजन त्याने पेलायचं, नेम त्याने स्थिर ठेवायचा, आणि वर तापलेल्या नळीपासून स्वतःला वाचवायचं. जुन्या बंदुकांमध्ये नळीखाली लांब लाकूड असायचं, तेवढं पुरे होतं, कारण गोळी भरायलाच इतका वेळ जायचा की नळी फार तापायची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झटपट गोळ्या झाडणाऱ्या रायफली आल्या आणि हात भाजायला लागले. मग ली-एनफिल्डसारख्या रायफलींमध्ये लाकूड नळीच्या वरूनही आलं. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्डमध्ये तर बोटं रुतावीत म्हणून बाजूने खाचा कोरल्या होत्या. म्हणजे डाव्या हाताचा विचार तेव्हाही कुणीतरी करत होतं.

खाली उभी मूठ लावायची कल्पनाही जुनीच. १९२१ ची थॉम्प्सन सबमशीनगन तुम्ही गुंडांच्या सिनेमात पाहिलेली असणार. तिला पुढे बोटांच्या खाचा असलेली लाकडी मूठ होती. दिसायला झकास! पण दुसऱ्या महायुद्धात ती ढिगाने बनवायची वेळ आली तेव्हा १९४२ च्या एम१ मॉडेलमध्ये साधं आडवं लाकूड आलं. स्वस्त आणि पटकन होणारं. डेडलाईन आली की आधी काय कापलं जातं, हे आपल्याला कुणी सांगायला नको :)

मला सगळ्यात आवडली ती एम१६ ची कथा. व्हिएतनामच्या काळातल्या एम१६ चं हँडगार्ड, म्हणजे डावा हात जिथे धरतो तो प्लास्टिकचा भाग, त्रिकोणी होतं आणि डावं-उजवं अशा दोन तुकड्यांत यायचं. डावा तुकडा उजवीकडे बसायचा नाही. डावा फुटला आणि भांडारात फक्त उजवेच उरलेत, तर बसा बोंबलत. शिवाय तो त्रिकोण लहान पंजाला जरा जाडच पडायचा. १९८३ मध्ये अमेरिकन मरीन कोअरने एम१६ए२ स्वीकारली, तिच्यात हँडगार्ड गोल झालं, त्यावर आडव्या कडा आल्या, आणि वरचा-खालचा तुकडा तंतोतंत सारखा झाला. एकच पार्ट, कुठेही बसवा. लहान हातालाही नीट धरता येतो. याला म्हणतात रीफॅक्टरिंग!

पण थांबा. त्याच सुधारणेत दोन घोळही झाले. उजव्या हाताच्या मुठीवर बोटासाठी एक उंचवटा दिला. ज्याची बोटं त्या मापाची त्याला मस्त, बाकीच्यांना तो टोचतो. आणि मागचा दस्ता पाऊण इंचाला थोडा कमी, म्हणजे ५/८ इंचाने लांबवला. उंच माणसाला छान. बुटक्या सैनिकाचा डावा हात मात्र त्या छान गोल हँडगार्डपर्यंत पोचतानाच ताणला जाणार. पुढे १९९४ च्या एम४ कार्बाइनला मागेपुढे सरकणारा दस्ता आला. १९९५ मध्ये पिकॅटिनी रेलचं प्रमाण ठरलं, आणि पुढची मूठ हवी तिथे सरकवून बसवायची किंवा काढूनच टाकायची सोय झाली.

कारण सर्वोत्तम मूठ अशी काही नसतेच. उभी मूठ उभ्याने छान वाटते, पण पालथं पडून नेम धरायला गेलात की तीच जमिनीला अडते.

हेच अमेरिकन हवाई दलाला १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दुसऱ्या वाटेने कळलं होतं. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. दहा मापं घेतली आणि दहाही बाबतीत सरासरीच्या आसपास बसणारे किती ते मोजलं. उत्तर आलं शून्य. ज्या सरासरी माणसासाठी कॉकपिट बनवायचं, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. मग सीट माणसाप्रमाणे सरकायला लागली.

आता एनसीसीची गोष्ट. कॅम्पमध्ये आम्हाला पॉइंट टू टू रायफल दिली होती. पालथं पडायचं, डावं कोपर रायफलच्या बरोबर खाली आणायचं, म्हणजे वजन हाडावर येतं, स्नायूवर नाही. आमच्यातली एक मुलगी चणीने लहान होती. दस्ता खांद्याला लावला की तिचा डावा हात जेमतेम पुढे पोचायचा, आणि कोपर काही केल्या खाली यायचं नाही. हात थरथरायचा, गोळ्या टार्गेटभर विखुरायच्या. उस्ताद ओरडायचे, "हाथ आगे!" आम्ही मागे हसायचो. फायरिंगच्या टीममधून तिचं नाव गेलं आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की तिला जमत नाही. तिनेही तेच मानलं. सैन्यात जायचं म्हणणारी ती मुलगी त्यानंतर तो विषय काढेनाशी झाली.

शनिवारी रात्री दोन वाजता मला कळलं की ती नापास झालीच नव्हती. दस्ता लांब होता. दोन इंच लाकडाचा प्रश्न होता, आणि आम्ही तो तिच्या नावावर टाकला.

रविवारी सकाळी तिला फोन केला. बऱ्याच वर्षांनी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, हे तेव्हा सांगायचं ना!" हसली, पण मला नीट हसता आलं नाही.

असो. सोमवारी ऑफिसात एक बग परत उघडणार आहे. 'युजरची चूक' असं लिहून मीच तो बंद केला होता.