'खरी कॉफी' आणि उपनगरातले स्वयंपाकघर

मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने प्रश्न केला, "सर, घरी कॉफी करायला शिकायचे आहे. पहिले उपकरण कोणते घ्यावे?" त्याच्या मोबाइलवर फ्रेंच प्रेस, मोका पॉट, चिनी मातीचे शंकू अशी चित्रे एकामागून एक सरकत होती. मी सहज विचारले, "तुमच्याकडे आजवर कॉफी होतच नव्हती का?" तो म्हणाला, "आई करते ना, जायफळाची. पण ती काही खरी कॉफी नव्हे." उपकरणाचा प्रश्न त्या क्षणी माझ्यापुरता मागे पडला. 'खरी' हा शब्द मात्र डोक्यात राहिला. साहित्याच्या अभ्यासकाला 'अस्सल' आणि 'नक्कल' या कोटींचा इतिहास तपासण्याची सवय असते; ती कॉफीलाही लावून पाहायला हरकत नसावी.

मराठी मध्यमवर्गीय घरात रोजचे पेय चहाच होते. कॉफी असे ती पाहुण्यांसाठी, हळदीकुंकवासाठी, उपासाला किंवा परीक्षेच्या जागरणाला. तिची उपकरणे म्हणजे एक पातेले, एक झाकण आणि एक स्वच्छ फडके. दूध-पाणी, साखर आणि पूड एकत्र उकळायची, जायफळ किसून घालायचे, झाकून मुरू द्यायचे आणि गाळायचे. या रीतीला अडाणी म्हणण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पूड भांड्यात थेट उकळणे हीच कॉफी करण्याची जुनी रीत आहे. अरब आणि तुर्की घरांत ती शतकानुशतके चालत आली आणि २०१३ साली युनेस्कोने तुर्की कॉफीच्या परंपरेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या आजीच्या पातेल्याचे नाते या घराण्याशी आहे. फरक आहे तो दुधाचा आणि जायफळाचा.

मुंबईत कॉफीपुडीचा व्यापारही जुना आहे. पुढे लोण्यासाठी घरोघरी माहीत झालेल्या 'पोल्सन'चा आरंभ पेस्तनजी एदलजी यांनी १८८८ साली मुंबईत केला तो कॉफी भाजून दळण्याच्या धंद्याने. भारतीय मळेवाल्यांना देशी गिऱ्हाईक मिळावे म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली चर्चगेटला पहिले 'इंडिया कॉफी हाऊस' उघडले. १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे विक्रीची सूत्रे गेली आणि १९९६पर्यंत ती टप्प्याटप्प्याने सैल होत उत्पादकांना सारा माल खुल्या बाजारात विकण्याची मुभा मिळाली. म्हणजे कॉफीची आवड ही निव्वळ जिभेची बाब कधीच नव्हती. मळे, मंडळे आणि कायदे यांनीही ती घडवली.

घरगुती उपकरणाच्या दृष्टीने मात्र मुंबईचा महत्त्वाचा अध्याय माटुंग्याचा. १८९६च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली आणि तिथल्या इमारतींत दक्षिणेकडून आलेले कारकून, हिशेबनीस, टंकलेखक राहू लागले. निखिल राव यांनी मुंबईच्या उपनगरांतील सदनिका-जीवनावरील आपल्या ग्रंथात (२०१३) या वस्तीचा सविस्तर अभ्यास केला आहे. या घरांत पितळी फिल्टर आला. ए. आर. वेंकटाचलपती यांनी तमिळ संस्कृतीच्या इतिहासावरील निबंधांत (२००६) दाखवून दिले आहे की, खुद्द तमिळ समाजातही कॉफी एकेकाळी नवखी व वादग्रस्त होती. मध्यमवर्गाने तिला आपली ओळख बनवले. 'परंपरागत' फिल्टर कॉफीसुद्धा अशी अर्वाचीनच.

मुलुंड १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आले. तेथे आमच्या इमारतीत शेजारी एक तमिळ कुटुंब होते. सकाळी सहाला त्यांच्या दारातून येणारा वास हे आमचे घड्याळ होते. शेजारच्या मामी महिन्यातून एकदा स्लो लोकलने माटुंग्याला जाऊन ताजी दळलेली पूड आणत. माझ्या आईने त्यांच्याकडून फिल्टर लावायला शिकून घेतले, पण आमच्याकडे तयार झालेल्या अर्कातही ती चिमूटभर जायफळ घालीच. मामी हसत, आणि पेला रिकामा करून परत करीत.

त्या फिल्टरची रचना साधी आहे. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे. त्यात पूड भरून चकतीने हलकेच दाबायची, उकळीच्या खालचे गरम पाणी ओतायचे आणि पंधरा-वीस मिनिटे वाट पाहायची. वीज नको, कागद नको. काम गुरुत्वाकर्षण करते. चिकोरीच्या मुळाची पूड मिसळलेली असेल तर डिकॉक्शन दाट व गडद उतरते आणि दुधातही हरवत नाही.

मग ही वाट पाहणे आपण का सोडले? १९६०च्या दशकात भारतात झटपट कॉफीचे उत्पादन सुरू झाले. सकाळची ७.५२ गाठणाऱ्या उपनगराला ती मानवली यात नवल नाही. लग्नाच्या हॉलमधल्या वाफेच्या यंत्राने फेसाळलेल्या, वर कोको भुरभुरवलेल्या दुधाला आपण 'एस्प्रेसो' म्हणू लागलो, ते त्याच पुडीच्या जोरावर. आजच्या तरुणाची कॉफीशी ओळख बहुधा इथून सुरू होते. म्हणून 'खरी' कॉफी त्याला परदेशी उपकरणातच सापडेल असे वाटते.

ती उपकरणेही घरगुती अडचणींतून जन्मली आहेत. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून गाळ अडवला. आजच्या शंकूंचे मूळ तिथे आहे. आल्फोन्सो बिआलेत्ती यांच्या नावाने ओळखला जाणारा अॅल्युमिनियमचा मोका पॉट १९३३चा. त्यात खालच्या पाण्याची वाफ पाण्याला पुडीतून वर ढकलते.

सहकाऱ्याला मी दिलेले उत्तर असे. दूध घालून पिणार असाल तर स्टीलचा दोन-तीन कपांचा फिल्टर घ्या. तो स्वस्त असतो आणि चूक सहन करतो. काळी कॉफी प्यायची असेल तर फ्रेंच प्रेस. जाडसर पूड, चार मिनिटे, बस. मोका पॉट दमदार कॉफी देतो, पण साधा अॅल्युमिनियमचा पॉट इंडक्शन शेगडीवर चालत नाही. यंत्रावर हजारो रुपये घालण्याआधी पूड ताजी, थोडी आणि भांड्याच्या जातीप्रमाणे दळून आणा. चव तिथे ठरते.

आणि पहिल्या रविवारी आईला तिची जायफळाची कॉफी करायला सांगा. शेजारी आपला फिल्टर लावा. कोणती खरी हा निकाल देण्याची घाई नको. दोन्ही पेले आईसमोर ठेवावेत आणि तिने पातेल्यात पूड किती वेळ उकळली, दूध केव्हा घातले, हे विचारून लिहून घ्यावे. माझ्या आईचे प्रमाण मी विचारले नव्हते. मामींचा फिल्टर आज माझ्याकडे आहे; चिमूटभर म्हणजे नेमके किती, ते मात्र दोघींबरोबर गेले.