अंतिम रेषेपलीकडची शंभर मीटर

१/
‘घाटाचा राजा’ हा किताब महाराष्ट्रात दोन निराळ्या शर्यतींत दिला जातो. एक मुंबई-पुणे सायकल शर्यतीत, बोरघाटाचा माथा सर्वांत आधी गाठणाऱ्या सायकलपटूला. दुसरा जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातील बैलगाडा शर्यतीत, सर्वांत कमी सेकंदांत धाव पूर्ण करणाऱ्या गाड्याला. नाव एक, चाके वेगळी. दोन्हींच्या आयोजकांपुढचा जुना प्रश्नही मात्र एकच आहे: अंतिम रेषेवर माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून काय करावे? या प्रश्नाचा हा इतिहास.

२/
अंतिम रेषेचा मूळ दोष तिच्या स्वभावातच आहे. स्पर्धकाचा वेग जिथे सर्वाधिक असतो, नेमक्या तिथेच प्रेक्षकांची गर्दी सर्वांत दाट असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी सायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. रस्त्यात आलेला माणूस दिसून ब्रेकवर बोटे पडेपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते. शिवाय शेवटच्या क्षणी स्पर्धक मान खाली घालून, सर्व बळ एकवटून पायडल मारत असतो. त्याने समोर पाहावे, ही अपेक्षा तिथे फारशी उपयोगाची नसते.

३/
आता आंबेगाव तालुक्याकडे पाहू. घोडेगावच्या परिसरातील शिनोलीसारख्या गावांत ‘घाट’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. भीमाशंकरच्या डोंगरात चढणारी वाट तो घाट, आणि यात्रेत गाडे पळतात ती धावपट्टी तोही घाटच. गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढे घोडी, तिच्यावर स्वार. निवेदकाची ‘भिर्रर्र’ आरोळी उठते, भंडारा उधळला जातो आणि काही सेकंदांत सारे संपते. वर्षभर बैलांना जिवापाड जपलेले असते ते त्या सेकंदांसाठी.

४/
या शर्यतीची रचना नीट पाहिली पाहिजे. सातारा-सांगलीकडे अनेक बैलगाड्या एकाच वेळी शेजारी-शेजारी धावतात आणि जी पुढे ती जिंकते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात मात्र घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याची लढत घड्याळाशी असते. दुसरा गाडा अंगावर येण्याचा, चाकात चाक अडकण्याचा प्रश्नच उरत नाही. धावपट्टी चढाची असेल, तर रेषा ओलांडल्यावर वेग आपोआप उतरतो. परंपरेने तयार केलेली ही सुरक्षाव्यवस्थाच आहे, जरी तिला कोणी त्या नावाने ओळखत नसले तरी.

५/
सायकलिंगमध्येही हा प्रकार आहे. त्याला ‘टाइम ट्रायल’ म्हणतात: ठरावीक अंतराने एकेक स्पर्धक सुटतो आणि वेळ मोजली जाते. पण लोकांना वेड लावले ते झुंडीच्या शर्यतीने. १८६९ साली पॅरिस ते रूआँ ही एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारी आरंभीची मोठी शर्यत झाली आणि जेम्स मूर याने ती जिंकली. १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू झाली. शंभरावर सायकलस्वार एकत्र येऊन एका अरुंद रेषेवर तुटून पडणार, हे दृश्य तेव्हापासून रूढ होत गेले.

६/
त्या काळी यावर एक उपाय होता: शर्यत रस्त्यावर धावावी, पण संपावी बंदिस्त क्रीडांगणात. १९६७ पर्यंत टूरची सांगता पॅरिसच्या पार्क दे प्रॅन्स या वेलोड्रोममध्ये होत असे. वेलोड्रोममध्ये तिकीट लावता येई, आणि प्रेक्षक कठड्यामागे राहत. तरीही १९५८ च्या जुलैमध्ये, टूरच्या अखेरच्या दिवशी, वेगाने येणारा आंद्रे दारिगाद धावपट्टीच्या कडेला आलेल्या क्रीडांगणाच्या एका पदाधिकाऱ्यावर आदळला. दारिगाद बचावला. त्या पदाधिकाऱ्याचा काही दिवसांनी मृत्यू झाला.

७/
या घटनेचा धडा आजही लागू आहे. धोका फक्त उत्साही प्रेक्षकाकडून येत नाही. पंच, छायाचित्रकार, पोलीस, स्वयंसेवक, म्हणजे ज्यांना रेषेजवळ उभे राहण्याचा अधिकार आहे, तेच पुष्कळदा रेषेच्या सर्वांत जवळ असतात. गळ्यात ओळखपत्र असले म्हणून सायकलचा वेग कमी होत नाही.

८/
१९७५ पासून टूरचा शेवट शाँझेलिझे या भव्य रस्त्यावर होऊ लागला. कठड्यांची जागा लोखंडी अडथळ्यांनी घेतली आणि मग अडथळेच घातक ठरू लागले. २८ जुलै १९९१ रोजी शेवटच्या धावेत जमालिदीन अब्दुजापारोव कडेच्या अडथळ्याला धडकून हवेत उडाला. रस्त्याच्या बाजूला डोकावणारा अडथळ्याचा पाय किंवा जाहिरातीचा फुगीर भाग वेगात आलेल्या चाकासाठी सापळा असतो, हे त्या दिवशी जगाने दूरदर्शनवर पाहिले.

९/
३ जुलै १९९४, आर्माँतिएर. रेषेच्या अलीकडे उभा असलेला एक पोलीस छायाचित्र काढण्यासाठी किंचित पुढे झाला. झुंडीतला विल्फ्रीड नेलिसन त्याच्यावर आदळला, पाठोपाठ लोराँ झालाबेरही पडला आणि त्याच्या चेहऱ्याला गंभीर इजा झाली. गर्दी आवरण्यासाठी नेमलेल्या माणसाचीच नजर एका क्षणासाठी कर्तव्यावरून तमाशाकडे वळली होती. अपघाताला तेवढा क्षण पुरला.

१०/
अशा अपघातांतून नियम घडत गेले. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार रस्त्यावरील शर्यतीत अंतिम रेषेच्या आधी किमान ३०० मीटर आणि रेषेनंतर किमान १०० मीटर दोन्ही बाजूंना अडथळे उभारावे लागतात. स्पर्धकांमागून येणारी वाहने रेषेपूर्वीच बाजूच्या रस्त्याने वळवली जातात. टप्प्यांच्या शर्यतीत शेवटच्या ३ किलोमीटरांत पडलेल्या स्पर्धकाला त्याच्या गटाचीच वेळ देतात. २००५ पूर्वी ही मर्यादा १ किलोमीटर होती. हेतू असा, की एकूण वेळेच्या भीतीने प्रत्येकाने त्या धुमश्चक्रीत घुसू नये.

११/
तरीही ५ ऑगस्ट २०२० रोजी पोलंडमधील कातोवित्से येथे उतारावरच्या अंतिम रेषेकडे सायकलपटू ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने आले. डिलन ग्रूनेवेगेन आपल्या मार्गावरून सरकला, फाबिओ याकोबसन अडथळ्यांवर फेकला गेला आणि अडथळेच उधळले. याकोबसनला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. ग्रूनेवेगेनवर ९ महिन्यांची बंदी आली. पण रेषा उतारावर कोणी आखली, आणि आघाताने विखुरणारे अडथळे तिथे का होते, हे प्रश्नही तितकेच गंभीर होते. घाटाची धाव चढाची ठेवणारी जुनी रीत इथे आठवते.

१२/
हौशी सायकलस्वारांच्या मोठ्या शर्यतींत धोक्याचे रूप बदलते. स्वीडनची वेटर्नरुंडान १९६६ पासून, केपटाउनची सायकल टूर १९७८ पासून आणि फ्रान्सची एताप द्यू टूर १९९३ पासून हजारो सामान्य लोकांना एका मार्गावर आणत आहे. इथे कोणी जिंकण्यासाठी धावतो, कोणी केवळ पूर्ण करण्यासाठी. एक ताशी ४५ च्या वेगाने येतो, दुसरा ताशी १५ च्या. आणि रेषा ओलांडताच थकलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे थांबणे. पदक घ्यायचे असते, घरच्यांसोबत फोटो काढायचा असतो. मागून येणाऱ्याला त्या क्षणी समोर भिंत उभी राहिलेली दिसते.

१३/
म्हणून अशा शर्यतींत रेषेआधीच्या ३०० मीटरइतकीच रेषेनंतरची १०० मीटर महत्त्वाची ठरते. ताशी ६० च्या वेगात हे अंतर अवघ्या ६ सेकंदांचे आहे. पदके, पाणी आणि छायाचित्रे यांची जागा त्याही पुढे हवी. गटागटाने सुरुवात केली आणि प्रत्येकाची वेळ चिपने स्वतंत्र मोजली, तर रेषेवर एकाच वेळी कोसळणारी गर्दी विरळ होते. एकेक गाडा सोडण्याच्या तत्त्वाचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

१४/
आणखी एक मार्ग आहे: बक्षीसच काढून टाकणे. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटांची मुदत असते आणि क्रमांक कोणालाच देत नाहीत. पुण्यातही ही परंपरा रुजली आहे. पहिला येण्यात काही मिळत नसल्याने शेवटच्या वळणावर कोणी कोणाला कोपर मारत नाही.

१५/
बैलगाडा शर्यतीचा अलीकडचा इतिहास न्यायालयात घडला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी आणली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि धाव १००० मीटरपेक्षा लांब नसावी लागते. बैलांना क्रूर वागणूक दिल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याच्या केंद्रस्थानी मुके जनावर आहे, आणि ते योग्यच आहे. घाटाच्या कडेला दाटलेल्या माणसांची काळजी मात्र आजही बरीचशी यात्रा कमिटीच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

१६/
जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय दर्जाची सायकल शर्यत पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवरून धावली. घाटाच्या कडेला उभे राहण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या या जिल्ह्यात प्रेक्षकांची वाण कधीच नव्हती. प्रश्न त्यांनी कुठे उभे राहायचे, एवढाच आहे.

१७/
दीडशे वर्षांच्या या इतिहासात अंतिम रेषेवर वाईट हेतूने कोणी क्वचितच उभे होते. पदाधिकारी आपले काम करत होता, पोलीस आठवण टिपत होता, स्पर्धक जिंकू पाहत होता. चूक प्रत्येक वेळी दोन पावलांची होती. शर्यत घाटातली असो वा डांबरी रस्त्यावरची, दोरीमागची ती दोन पावले आणि रेषेपलीकडची ती शंभर मीटर मोकळी राहिली, तरच जिंकलेला आणि शेवटून पहिला आलेला, दोघेही धडधाकट घरी पोहोचतात.

(समाप्त)