मायक्रोग्लिया आणि मेंदूत पसरलेला कर्करोग

मायक्रोग्लिया या मेंदू व मज्जारज्जूतील निवासी रोगप्रतिकारक पेशी होत. फुप्फुस, स्तन किंवा त्वचा अशा अवयवांत उद्भवलेला कर्करोग रक्तावाटे मेंदूत पसरतो, तेव्हा त्याच्याशी प्रथम संपर्क येणाऱ्या पेशींत त्यांचा समावेश होतो. त्या कर्करोगाला विरोध करतात. मात्र काही परिस्थितीत त्याच्या वाढीस साहाय्यभूतही ठरतात.

शोध व उगम

स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये या पेशींचे स्वतंत्र वर्णन केले. मेंदूतील पेशींत त्यांचे प्रमाण सुमारे ५ ते १० टक्के असते. भ्रूणाच्या पीतक कोशात निर्माण होऊन त्या भ्रूणावस्थेतच मेंदूत येतात आणि पुढे विभाजनाने तेथेच आपली संख्या टिकवतात.

कर्करोगाला प्रतिसाद

निरोगी मेंदूत मायक्रोग्लिया आपल्या बारीक शाखांनी सभोवतालची सतत चाचपणी करतात. कर्कपेशी केशवाहिनीची भिंत ओलांडून आत शिरल्या की या शाखा आखूड होतात व पेशी त्या जागी गोळा होतात. त्या काही कर्कपेशी गिळून नष्ट करतात, तसेच रासायनिक संदेशांद्वारे टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशींना पाचारण करतात.

कर्कपेशीही बचाव करतात. त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी४७ हे प्रथिन भक्षण थांबवण्याचा संकेत देते. अर्बुद वाढू लागल्यावर मायक्रोग्लियांचे वर्तन पालटू शकते. त्या टी-पेशींना आवर घालणारी व अर्बुदाला पोषक ठरणारी द्रव्ये स्रवतात. रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज पेशी त्यांच्यात मिसळतात. दोन्ही दिसण्यात सारख्या असल्याने कोणते कार्य कोणाचे, हे ठरवणे अवघड जाते.

उपचारांच्या दृष्टीने महत्त्व

मायक्रोग्लिया जगण्यासाठी सीएसएफ१आर या ग्राहक प्रथिनावर अवलंबून असतात. ते रोखणाऱ्या औषधांनी उंदरांवरील काही प्रयोगांत मेंदूतील कर्करोगाची वाढ मंदावली. याउलट, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मायक्रोग्लिया नसलेल्या उंदरांच्या मेंदूत स्तनाचा कर्करोग अधिक फैलावला. त्यामुळे या पेशी सरसकट नष्ट करण्यापेक्षा त्यांची संरक्षक वृत्ती टिकवणे हिताचे ठरेल का, हा कळीचा प्रश्न आहे.

भारतातील संशोधन

पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात कर्करोग व रोगप्रतिकारशास्त्र या दोन्ही विषयांवर संशोधन चालते. अशा प्रयोगांसाठी लागणाऱ्या संवर्धित पेशी देशभरातील प्रयोगशाळांना पुरवणारे भांडारही तेथे आहे.