‘धूळ’ ह्या शब्दाने केलेली दिशाभूल : दमा, अंथरूण आणि गृहरीती

गोंदिया तालुक्यातील मुर्री येथे घरगुती वस्तूंच्या नावांची टिपणे करीत असता प्रस्तुत लेखकास एक गोष्ट वारंवार आढळली. घरात दम्याचा रोगी असला म्हणजे केरवारा दोनदा होतो, फडताळे पुसली जातात, रस्त्याकडील खिडकी बंद राहते. परंतु रोगी ज्या गादीवर निजतो ती गादी मात्र वर्षानुवर्षे जागची हललेली नसते. कारण विचारावे तर, डॉक्टरांनी ‘धुळीची ॲलर्जी’ सांगितली आहे, असे उत्तर येते. उपाय शब्दाच्या मागोमाग चालला आहे. तेव्हा ह्या शब्दाची पूर्वपीठिका पाहणे अनाठायी होणार नाही.

श्वासरोगाचा धुळीशी लावलेला संबंध फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का व श्वास ह्यांच्या कारणांत धूळ, धूर व वारा ही गणलेली आहेत. त्याच अध्यायात तमक श्वासाचे वर्णन करताना हा रोग ढगाळ हवेने, थंडीने व पूर्वेकडील वाऱ्याने बळावतो आणि रोग्यास निजल्याने त्रास व बसल्याने आराम होतो, असेही नमूद आहे. म्हणजे दमट ऋतूत रोग वाढतो, हे निरीक्षण तेथे आहे. पुढे ‘श्वास’ हे रोगनाम वैद्यांपुरते उरले आणि बोलण्यात फारसी ‘दम’पासून आलेला ‘दमा’ रूढ झाला. धुळीचा दोष मात्र दोन्ही नावांखाली कायम राहिला.

अंथरुणातील जीव आपल्या भाषेस अपरिचित होते असे नव्हे. ‘अंथरूण’ हा शब्द ‘आस्तरण’पासून आला, ‘ऊ’ ही ‘यूका’पासून, ‘लीख’ ही ‘लिक्षा’पासून, ‘ढेकूण’ तर प्राकृतातच ‘ढेंकुण’ म्हणून भेटतो. परंतु जे दिसते किंवा चावते त्यालाच नाव मिळाले. एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान, न चावणारा, माणसाच्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारा जीव अनामिक राहिला, आणि त्याचा अपराध धुळीच्या खाती जमा झाला.

ही चूक केवळ मराठीची नव्हे. इटालियन वैद्य कार्दानो ह्याने १५५२ मध्ये एडिंबरो येथे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन ह्याच्या दम्यावर उपचार करताना पिसांची गादी सोडावयास सांगितले आणि रोग्यास उतार पडला. परंतु कारण कोणास उमगले नाही. १९२१ मध्ये अमेरिकेत कर्न ह्याने रोग्याच्या स्वतःच्या घरातील धुळीने त्वचेवर प्रतिक्रिया उठते, असे दाखविले. नंतर चार दशके संशोधक धुळीतील अज्ञात द्रव्याच्या शोधात होते. १९२८ मध्ये डेकर ह्या जर्मन वैद्याने अंथरुणातील सूक्ष्म जीवांकडे बोट दाखविले होते, पण तिकडे फारसे लक्ष गेले नाही. अखेर १९६४ मध्ये हॉलंडमधील लायडन येथील फोरहोर्स्ट, स्पीक्समा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जीवच त्या द्रव्याचा उत्पादक असावा काय, असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच मांडला. जीवाचे नामकरण मात्र ट्रूएसार ह्याने १८९७ मध्येच करून ठेवले होते : डर्माटोफेगॉइडीस टेरोनिसिनस. ह्या ग्रीक नावात त्वचा, खाणे आणि पीस ह्या तिन्ही कल्पना आहेत. कार्दानोच्या रोग्याची गादी आठवावी!

विकार प्रामुख्याने होतो तो जीवाच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. त्या विष्ठेचे कण तुलनेने जड असल्याने हवेत फार वेळ तरंगत नाहीत. गादी झटकली, उशीवर डोके टेकले, म्हणजे नाकाशी येतात. फडताळावरील धूळ पुसून फारसे साधत नाही ते ह्यामुळे. शिवाय हा जीव पाणी पीत नाही, हवेतील बाष्प शोषून जगतो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ पन्नास टक्क्यांखाली राहिली की तो वाळून मरतो. चरकातील ढगाळ हवेचा उल्लेख येथे अर्थपूर्ण ठरतो, यद्यपि दमट हवेने दमा वाढण्याची इतरही कारणे आहेत.

घटस्थापनेपूर्वी घरातील यच्चयावत अंथरुणे-पांघरुणे धुण्याची रीत महाराष्ट्रात अद्याप आहे. वाकळा, गोधड्या पाण्यावर नेऊन आपटावयाच्या आणि कडक उन्हात टाकावयाच्या. पावसाळ्यात वाढलेली ह्या जीवांची प्रजा ऐन भरात असते तो हा काळ. ऊन जीव मारते, पण विष्ठेतील प्रथिन तसेच राहते. ते धुण्यानेच जाते. रीतीत दोन्ही आहेत. मात्र पूर्वजांस हे सर्व ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे इतिहासास सोडून होईल. ही शुद्धी देवीसाठी होती, फुप्फुसांसाठी नव्हे. पिंजाऱ्याच्या रीतीस तर उलट बाजूही होती. जुना कापूस धनुकलीने पिंजला जाताना जे उडे ते प्रथम त्याच्याच छातीत जाई.

आता वाकळेच्या जागी फोमची गादी आली. ती धुता येत नाही, पिंजता येत नाही, अंगणातही निघत नाही. तिला घट्ट विणीची खोळ घालावी, चादरी व अभ्रे आठवड्यास साठ अंशांच्या पाण्यात धुवावेत, असे सांगितले जाते. खोळीचे माहात्म्य अधिक वाढवू नये. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत केवळ खोळींनी प्रौढ दमेकऱ्यांस लाभ दिसला नाही. २०१७ मधील चाचणीत मुलांचे दम्याच्या झटक्यांमुळे इस्पितळात जाणे मात्र कमी झाले. जी घरे अजून गोधडीवर निजतात त्यांनी ती सोडू नये, हे प्रस्तुत लेखकाचे मत.

नावाचा प्रश्न उरतो. १९०६ मध्ये पिर्के ह्याने घडविलेल्या ‘ॲलर्जी’ ह्या शब्दासाठी मराठीत ‘वावडे’ हा चांगला शब्द आहे, कारण वावडे विशिष्ट माणसाला विशिष्ट वस्तूचे असते. ‘धुळीचे किडे’ हा छापील प्रयोग मात्र टाकावा. पिकावरील ह्याच वर्गातील जीवास शेतकरी ‘लाल कोळी’ म्हणतो, आणि आठ पायांच्या ह्या जीवांचा वर्ग कोळ्याचाच असल्याने ते नाव शास्त्रासही धरून आहे. त्याच चालीवर ‘अंथरुणातला कोळी’ म्हटले, तर ऐकणाऱ्याचा हात प्रथम गादीकडे जाईल.

विदर्भाचा कोरडा उन्हाळा ह्या कोळ्याचा शत्रू होय. मुर्रीत चैत्र-वैशाखात गाद्या उन्हात काढण्यास त्याहून योग्य काळ नाही. परंतु त्याच महिन्यांत खिडकीत पाण्याचा कूलर बसतो आणि निजावयाच्या खोलीपुरता पावसाळा लांबतो. कूलर लावून खोली बंद ठेवू नये. समोरची खिडकी उघडी ठेवावी, आणि दुपारी तो थांबवून खोली कोरडी होऊ द्यावी.